दुसऱ्या क्रमांकाचा स्वार

११ नोव्हेंबर, मंगळवार

निघालो एकदाचे दरवर्षीच्या सफरीला! सान किन्तीनच्या पेट्रोल पंपावर म्होरक्या नाबोरनं सगळ्या मोटारसायकलवाल्यांना गोलात उभं केलं आणि नियम सांगितला. नियम जुनाच, त्याच्या वडिलांच्या वेळचा. वाटेला फाटा आला की म्होरक्यानं थांबायचं नाही, त्याच्या लगेच मागे जो दुसरा असेल त्यानं थांबायचं. फाट्यावर उभं राहायचं, कुठे वळायचं ते हातानं दाखवायचं, आणि सगळ्यांत शेवटी येणारा सामानाचा ट्रक पोचेपर्यंत जागचं हलायचं नाही. पुढच्या फाट्याला मग जो कोणी दुसरा असेल तो उतरेल. सगळ्या किनाऱ्यावर याच एका नियमानं आजवर कुणी हरवलेलं नाही.

यंदा ट्रक माझ्याकडे. नेहमीचा ड्रायव्हर गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसलाय. पंधरवड्यापूर्वी मी नाव दिलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ग्रिसेल्दा — गावात टायरचं दुकान चालवते, माझी जुनी विद्यार्थिनी — म्हणाली, "बाई, पाच दिवस धूळ खावी लागेल हं!" म्हटलं, खडूची धूळ जन्मभर खाल्ली, आता वाळूची.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी गावकीची सभा आहे. आल्मेहाचं टोक, म्हणजे समुद्रात घुसलेली गावची जमीन, हॉटेलवाल्या कंपनीला विकायचं की नाही, त्यावर मतदान. मतं निम्मी-निम्मी आहेत. आणि जे तळ्यात-मळ्यात करताहेत ते बहुतेक या मोटारसायकलींवर बसलेत! आपल्याच किनाऱ्यानं गावी परत चाललेत. दर फाट्यावर त्यांच्यातला एक जण, एकटा, माझी वाट बघत उभा असणार. मी आल्याशिवाय त्याला निघता यायचं नाही. आणि बाई बोलत असताना गाडीला किक मारायची हिंमत अजून कुणाची झालेली नाही. मी शिकवलंय सगळ्यांना.

फिदेन्सिओही आहे. माझा धाकटा भाऊ. विहिरीच्या सभेत मी त्याच्या विरुद्ध बोलले, तेव्हापासून सहा वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. मी तेव्हा बरोबर होते, आजही आहे. त्याचं मत मी गेलेलंच धरते. कंपनीच्या माणसाला टोक दाखवायला पहिल्यांदा घेऊन गेला तो हाच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाळूत रुतू नये म्हणून टायरमधली हवा उतरवून दिवसभर पुळणीवर. डावीकडे उघडे डोंगर, उजवीकडे समुद्र, मध्ये आम्ही. पुढचे दिसत नाहीत, फक्त त्यांची धूळ दिसते.

पहिल्या फाट्यावर तिबुर्सिओ. पाणबुडा आहे, समुद्रातून शिंपले काढतो. मी ट्रक बंद केला. तो म्हणाला, "बाई, माझं ठरलंय. विकायचं नाही. सभेला यायचं, हात वर करायचा, घरी जायचं."

पण का विकायचं नाही ते माणसाला कळायला हवं! म्हणून नीट समजावून सांगितलं. भरतीच्या रेषेलगतची पुळण कायद्यानं सगळ्या देशाची. ती कुणी विकू शकत नाही, कंपनीलाही ठाऊक आहे. म्हणून ती पुळण विकत घेत नाही, पुळणीपर्यंत जायची वाट विकत घेते! वाटेवर फाटक बसलं की समुद्र नकाशात उरतो. ज्यानं हा समुद्र पेरला नाही, नांगरला नाही, ज्याचा एक माणूस यात बुडालेला नाही, त्यानं आपल्याला विचारावं कुठे चाललात म्हणून? मग आयर्लंडच्या कुरणांना कुंपणं कशी पडली ते सांगितलं, आणि आपल्याकडे क्रांतीच्या आधी सगळी जमीन मोजक्या जमीनदारांची कशी होती ते. ऊन चढलं. तिबुर्सिओनं हेल्मेट घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

शेवटी म्हणाला, "बाई, आता मला पुन्हा विचार करावा लागेल."

माणूस विचार करायला लागला, हे काय थोडं झालं?

पुढच्या फाट्यावर ग्रिसेल्दा. तिच्याशी त्याहून सविस्तर.

संध्याकाळी कोळ्यांच्या तळावर मुक्काम. गव्हाच्या पोळ्या, सुकं मांस अंड्यात परतलेलं, कॉफी. फिदेन्सिओ शेकोटीच्या पलीकडच्या बाजूला. सगळे दमलेले. मी बसले तसे सगळेच उठून झोपायला गेले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज फार रखडलो. पुळणीवर चाकांचे माग बघत मी चालले होते. नाबोरचा माग सरळ, बाकीच्यांचे वेडेवाकडे — मध्येच थांबलेले, बाजूला काढलेले, एकमेकांना पुढे घातल्यासारखे. रेडिओवर नाबोर ओरडत होता. "काय रे, मयताला निघालोय का आपण? माझ्या मागे कुणी का येत नाही?"

फाट्यावर पुन्हा ग्रिसेल्दाच सापडली. तिची साखळी उतरली होती, नाहीतर सुटली असती म्हणाली. "बाई, खरं सांगू? कुणालाच दुसरं व्हायचं नाही."

"का?"

"जो दुसरा, त्याचा तास."

"कसला तास?"

"इतिहासाचा!"

हसले मी. वर्गात थोडी कुरकुर चालायचीच. कुरकुर म्हणजे मुलं ऐकताहेत.

फिदेन्सिओ आजही कुठल्याच फाट्यावर नाही. तो चांगला चालवतो, मनात आणलं तर म्होरक्याच्या मागे जाईल. मनात आणत नाही. बरोबर मधोमध राहतो, म्हणजे कधीच उतरावं लागत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळच्या पहिल्याच फाट्यावर फिदेन्सिओ!

गाडी उभी, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, हात उजवीकडे. केस बरेच पिकलेत. मी ट्रक थांबवला, काच खाली केली. माझ्याकडे त्याच्यासाठी सहा वर्षांचं भाषण तयार होतं.

"ताई," तो म्हणाला.

"फिदेन्सिओ," मी म्हटलं.

त्यानं हेल्मेट घातलं आणि गेला. भाषण तसंच राहिलं.

दुसऱ्या फाट्यावरही तोच. म्हणजे मधल्या भुसभुशीत वाळूत त्यानं एकेकाला मागे टाकलं होतं. माग बघितला मी, सगळ्यांच्या बाहेरून लाटांच्या कडेनं गेलेला. अंगावर पाणी उडालेलं, मिशा ओल्या.

"कुणाकुणाशी बोलून झालं?"

"सगळ्यांशी. तू सोडून."

"हं." गेला.

तिसऱ्या फाट्यावर तोच! हे आता गमतीचं होतंय. रेडिओवर नाबोर म्हणत होता, "या फिदेन्सिओला आज काय झालंय?" आणि मागून कुणीतरी, "जाऊ दे त्याला, देव भलं करो त्याचं!"

"विहिरीच्या वेळी किती वेळ बोलली होतीस, ताई?"

"दीडेक तास."

"आणि होड्यांच्या धक्क्याच्या वेळी?"

"जास्तच. विषय मोठा होता."

"शाळेच्या छपराच्या वेळी मी नव्हतो."

"तेव्हा कंदील लावावे लागले होते."

तो समुद्राकडे बघत राहिला. मीही बघितलं. एक सील डोकं वर काढून परत पाण्यात गेला.

विहीर, धक्का, छप्पर. माझी आयुष्यातली तीन सर्वोत्तम भाषणं. तिन्ही ठराव हरलो. समोरच्यांकडे पैसा होता, दुसरं काय!

चौथा फाटा मिठागरांच्या अलीकडे. तो खडकावर बसलेला, हातमोजे काढून ठेवलेले. म्हणाला, "रविवारी काय बोलणार आहेस?"

मी बोलले. उभी राहून बोलले, ट्रकच्या पायरीवरून. समोर एकच माणूस. पण असं ऐकलं नव्हतं कुणी आजवर. चुळबूळ नाही, घड्याळाकडे बघणं नाही. लहानपणी होडीत मी त्याला पुस्तकं वाचून दाखवायची तेव्हा ऐकायचा तसं. मी थांबले तेव्हा त्यानं विचारलं, "एवढंच?"

"हा पूर्वार्ध झाला."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मला वाटतं हललाय आतून. त्याचं मत फिरलं तर टोक वाचलं. एका मताचाच प्रश्न आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आधी काय झालं ते लिहिते. चिडायचं नंतर.

पहाटेपासून दाट धुकं. निघताना फिदेन्सिओनं ट्रकमधले पेट्रोलचे डबे आणि सगळ्यांच्या पिशव्या उतरवल्या, ज्याच्या त्याच्या गाडीला बांधायला लावल्या. "शेवटचा दिवस आहे, ज्याचं त्यानं न्यावं." मला बरं वाटलं, ट्रक हलका.

दुपारी मोठा फाटा आला. डावीकडची वाट पठारावरून गावात जाते, हे मला झोपेतही ठाऊक आहे. फाट्यावर अर्थात फिदेन्सिओ. हात उजवीकडे.

"उजवीकडे?"

"सप्टेंबरच्या वादळात वरचा रस्ता वाहून गेला. खालून जायचं."

तिथली जमीन कातळाची, चाकांचे माग उमटत नाहीत. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मी क्षणभर थांबले. पण फाट्यावरच्या हाताशी वाद घालायचा नसतो. तिथे वाद सुरू झाला तर सगळाच किनारा धोक्याचा होईल. आणि हात माझ्या भावाचा.

"पाणी आहे ना बरोबर?" त्यानं विचारलं.

"आहे."

"खायला?"

"आहे रे."

"स्वेटर घाल. खाली गारठा असतो."

सहा वर्षांनी मला कुणी स्वेटर घाल म्हणालं. मी लगेच गिअर टाकला.

उजवीकडची वाट उतरत उतरत खाडीकाठच्या खाजणात गेली आणि तिथेच संपली. ट्रक मधल्या चिखलात चाकांच्या आसापर्यंत बसला. हॉर्न वाजवला. रेडिओवर नुसती खरखर. मग धुक्यातून एक म्हातारी आली, हातात शाल. रेफू. इथल्या कोळ्यांच्या तळावर ती आणि तिचा नवरा प्लुतार्को, दोघंच राहतात.

"या बाई, या! उशीर झाला. भाऊ म्हणाला होता जेवायच्या वेळेला येतील."

"कोण भाऊ?"

"तुमचा. गेल्या आठवड्यात येऊन सांगून गेला. खोली झाडून ठेवलीय. ताजी पकडलेली शेवंड खाता ना तुम्ही?"

होड्या ओढायचा ट्रॅक्टर झोपडीच्या बाजूलाच उभा आहे. चांगला, नवीन टायरचा. मी प्लुतार्कोला म्हटलं, चला, ओढा ट्रक.

"सोमवारी," तो म्हणाला.

"सोमवारी का?"

"फिदेन्सिओनं सोमवारी सांगितलंय."

"ट्रॅक्टर तुमचा की फिदेन्सिओचा?"

"माझा. पण शब्द दिलाय, बाई."

सगळं बोलले. उजेड होता तोवर बोलले. रेफूनं मध्ये दोनदा कॉफी दिली. प्लुतार्को जाळं विणत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "छान बोलता तुम्ही. सोमवारी."

१६ नोव्हेंबर, रविवार

लाटा मोठ्या, प्लुतार्को होडी काढत नाही. चालत गेले तर उद्या पोचेन. आत्ता सभेला माणसं जमली असतील.

विकलं मला फिदेन्सिओनं! कंपनीच्या माणसासाठी स्वतःच्या बहिणीला चिखलात घातलं! आणि ती फाट्यावरची खूण खोटी केली. गेल्या कित्येक वर्षांत या किनाऱ्यावर कुणी हे केलेलं नाही. टोक तर जाईलच. पण यापुढे फाट्यावर उभ्या असलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? मी ठेवणार नाही. मेले तरी त्याच्याशी बोलणार नाही.

शेवंड खाल्ली नाही. मग खाल्ली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्लुतार्कोनं सकाळी ट्रक ओढला. गावच्या चौकात नाबोर भेटला. त्यानंच सांगितलं. टोक विकायचं नाही, असा ठराव झाला. भाषण कुणाचंच नाही. फिदेन्सिओ उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "ताईला मी खाजणात अडकवून आलोय. उद्या सुटेल. त्याच्या आत हात वर करा." आधी सगळे पोट धरून हसले, मग तिबुर्सिओ, ग्रिसेल्दा, सगळ्यांनी हात वर केले — माझ्या बाजूनं. पहिला फिदेन्सिओचा.