माझ्या हाताला सही येते

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज कळंब्याच्या या दवाखान्यात आलो. सांगणारी मी, बनाबाई, वय चौऱ्याहत्तर, अंगठेबहाद्दर. लिहिणारी निशिगंधा, इथली मदतनीस. पेशंटनं रोज वही सांगायची असा इथला नियम हाय. पोरीला बजावलंय, माझं बोलणं धुऊन-वाळवून लिहू नकोस, पडंल तसं उचल.

जागा झकास. खिडकीतनं तळं दिसतं, पलीकडं जेलची भिंत. मी लेकाला, कृष्णातला म्हटलं, त्या बाजूच्यांना सुटायची तारीख तरी ठाऊक असती. हसला न्हाय. कागलहून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलता, सारखा मोबाइल बघत होता.

उन्हाळ्यात झटका आला तवापासनं उजवा हात मेलाय. भाकरी थापायला बसलं की परातीत नुसता पडून राहतो, जावयासारखा. डॉक्टर विश्वजित तो उठवणार हायत. कागदावर डावा अंगठा उमटवला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पट्टी बसली. सायीएवढी पातळ, कोपरापासनं मनगटापतोर. तिच्यात केसाहून बारीक सोन्याची तार, नागमोडी. सरळ का न्हाय, विचारलं. डॉक्टर म्हणाले, हात हलला की ताणती, पण तुटत न्हाय. हात चिरून एक तुकडा आत घातलाय, नसेला गुंडाळून. लेकानं जन्मात सोन्याची फुली केली न्हाय, हितं फुकटात तोडा मिळाला.

डॉक्टर गोड माणूस. बोलताना घडीघडी चष्मा वर सरकवतात. म्हणाले, टणक वस्तू घातली की शरीर भांडतं. ही मऊ, म्हणून शरीराला परकी वाटतच न्हाय. मी म्हटलं, मऊ बोलून घरात शिरलेली माणसं मी लई बघितलीत. ते हसले आणि चष्मा सरकवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

हात उठला. चहाची कपबशी धरली, सांडली न्हाय. मी रडलो. हे लिहू नको म्हटलं, तर कार्टीनं तेच आधी लिहिलं.

ही हालचाल येती कुठनं, डॉक्टरांना विचारलं. यंत्राला धडक्या हाताचा नमुना लागतो. तो त्यांनी आपल्याच हातावरनं घेतलाय म्हणे. मग उलगडलं, जेवता जेवता हात नाकाकडं का जातोय. मला चष्मा न्हाय. निशिगंधा हसून लोळली. मी पण हसलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

शेजारच्या खाटेवर इचलकरंजीची नजीरा हाय. तिची वाचा गेलती, गळ्यावर अशीच पट्टी लावलीया. तिचा लेक उमर सांगत होता, सगळा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, अम्मी बोलली की तिसऱ्या गल्लीत ऐकू जायचं. आता हळू बोलती. मला म्हणाली, मी बरी आहे, आपण कशा आहात. मराठी एवढी स्वच्छ, कुणी जेवलंच न्हाय अशा ताटासारखी.

उमर घरच्या बोलीत बोलत होता, ती त्याला असंच उत्तर देत होती. आपण जेवलात का, म्हणाली. पोटच्या पोराला. डोळ्यांतनं पाणी गळत होतं. त्याला वाटलं, आनंदानं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, आता तुमचा गळा. झटक्यानं बोलणं बोबडं झालंय. पट्टी बसली की भाषापण सुधारंल. बाई असून 'आलो' म्हणता, त्याचं 'आले' होईल.

मी म्हटलं, कोल्हापुरात आमच्या आया-आज्ज्या 'आलो'च म्हणत मेल्या. हात मेलता म्हणून दिला. जीभ जिती हाय. न्हाय देत.

ते चिडले न्हाईत. गळ्याच्या पट्टीला होकाराचा कागद टेबलावर ठेवला, वर पेन ठेवलं आणि गेले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी आमटी-भात खात होतो. हातानं चमचा टाकला. पेन उचललं.

मी शाळेची पायरी चढलेलो न्हाय. निशिगंधानं कागद दोनदा वाचला. दटावलं तवा बोलली, "आज्जी, तुमचं नाव आहे. खाली सही केलीय." सहीला लांब शेपूट. डॉक्टरांच्या सहीला असतं तसं, म्हणाली.

डाव्यानं कागद फाडायला गेलो. उजव्यानं डाव्याचं मनगट धरलं. सोडंना. लई ताकद हाय त्यात.

गुरुवार, २० नोव्हेंबर

डॉक्टरांना सांगितलं, सही माझी न्हाय. त्यांनी विचारलं, "हात कुणाचा?"



कृष्णातला बोलावून कागद दाखवला. त्याचे डोळे भरले. आई, तू सही केलीस म्हणाला. मी न्हाय न्हाय म्हणत होतो. बोबडं. त्याला वाटलं लाजतीया.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

पट्टी उपटायला गेलो. कड सापडंना. पट्टी कुठं सरती, कातडं कुठं सुरू हुतं— निशिगंधानं पण बोट फिरवून बघितलं. नखानं खरवडलं. रक्त आलं. लाल. त्यात बारीक सोनेरी—

पोरीला म्हटलं, हात खाटेला बांध. ओढणीनं बांधला. त्यानं गाठ सोडवली, सावकाश. मग तिचा गाल थोपटला. डॉक्टर थोपटतात तसा. ती पळाली. परत आली म्हणून हे लिहून हुतंय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

न्यायला आलेत. भरभर लिही. मी बनाबाई, शुद्धीत सांगतो, न्हाय म्हटलंय. लेकाला वाचून दाखव, पोरी, डॉक्टरांच्या आधी— मी उठत न्हाय. खाटेचा गज धरून हात मला वढतोय— तोच वढतोय, मी न्हाय—

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मी बरी आहे. काल मी शुद्धीवर आले. गळ्याला दुखत नाही. येथील सर्वजण फार चांगले आहेत.

निशिगंधाने माझ्या मुलाला ही वही वाचून दाखवली. तो बराच वेळ माझ्याजवळ बसला. तो म्हणाला, "आई, मला एक शिवी दे. नेहमी देतीस तशी." मी त्याचे आभार मानले. त्याने माझे खांदे हलवले. तो मोठ्याने रडत आहे. दवाखान्यात रडणे योग्य नाही, असे मी त्याला सांगितले. तो विचारत आहे, आई, घरी चल, चलतीस का. मी येथे समाधानी आहे. मला घरी जायचे ना— जायचे नाही. मला घरी जायचे नाही. मला घरी— किस्ना— मुडद्या, मला घ—