तिन्ही बाजूंनी उघडे स्टेज

मी, लक्ष्मण दगा अहिरे, वय ५८, लूम कारागीर, राहणार बमरोली, सुरत, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहितो. परवा मंगळवारी पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका. तेव्हापासून मला काळजीशिवाय दुसरे काही सुचत नाही.

१. बमरोलीची खोली माझी स्वकष्टार्जित असून ती पत्नी रंभाबाई हिला मिळावी. तिच्या हयातीत मुलगा प्रमोद याने ती विकू नये. तो विकणार नाही, तरी लिहून ठेवलेले बरे.

२. आमच्या नाटक मंडळीच्या स्टेजच्या बारा फळ्या व खालच्या घोड्या मी स्वतः बनवल्या. माझा जीव यांतच अडकला आहे. हे स्टेज चौकाच्या मधोमध लागते आणि माणसे तिन्ही बाजूंना बसतात. डावी बाजू बायकांची. तिथून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आणि कोणी डोळ्याला पदर लावला तर नटालाही दिसतो. माझ्यामागे हे लोक स्टेज भिंतीला टेकवून पुढे पडदा सोडतील, ही मला धास्ती आहे. मग पुरुष पुढे खुर्च्यांवर बसतील आणि बायका पार मागे जातील. त्यांना नुसती पुढच्यांची डोकी दिसतील.

३. पडदा भगवान पानपाटील याला द्यावा. १९९१ साली याच्याच हट्टाने आम्ही पडदा शिवून भाड्याच्या हॉलमध्ये नाटक केले. चौकातल्या सवयीने मी वाक्यावाक्याला वळत गेलो आणि माझे सर्वांत रडवे भाषण डावीकडच्या भिंतीला ऐकवले. लोक हसले. भगवान अजून हसतो. पडदा त्याने आपल्या घरी लावावा.

४. फळ्या प्रमोदच्या ताब्यात राहाव्यात. अट एवढीच, की डावीकडची पहिली जागा रंभाबाईसाठी कायम राखावी.

इथवरचा मजकूर मुलगी वृषाली हिने आईला वाचून दाखवला. रंभाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले. मग म्हणाली, "मन्ही जागा तुम्हीच ठराई टाकी. माले बठानं नही. माले स्टेजवर उभं राहानं शे."

तीस वर्षे आमच्या मंडळीत बायकांची कामे पुरुषांनी केली. चार वेळा तर मीच तिचे लुगडे नेसून उभा राहिलो. तिला विचारावे, असे एकदाही मनात आले नाही. याची मला लाज वाटते.

५. सबब कलम ४ रद्द. फळ्या रंभाबाईच्या. स्टेज कसे मांडायचे, तेही तीच ठरवील. मला भीती वाटते. तिथे तोंड लपवायला जागा नसते, पाठीमागून कोणी वाकडे बोलले तर स्पष्ट ऐकू येते. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, नळावर रोज तसेच असते.

मी ऑपरेशनमधून उठलो, तर वरील बाकी कलमे माझ्या मरणापर्यंत थांबतील. हे कलम मात्र आजपासूनच लागू.

मजकूर माझ्या हातचा, खाडाखोडही माझीच. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

लक्ष्मण दगा अहिरे (सही)

साक्षीदार:
१. श्रीरंग महादू सोनवणे (सही)
२. उषाबाई निकम, शेजारी (डाव्या हाताचा अंगठा)

सुरत, रविवार, ९ मार्च १९९७