सहा सिलिंडर, दोन कान

४ जानेवारी

चि. ठिणगीस,
मामाचे अ. उ. आ.

परवा तू फोन केलास खरा, पण हल्ली या फोनांचा दर्जा फार घसरलाय. तोंडात रुमाल कोंबून बोलल्यासारखी ऐकू येत होतीस. म्हणून सरळ पत्र लिहायला बसलो. कागदावर तरी तू पुटपुटत नाहीस.

बातमी अशी की गाडी घेतली. जर्मन. दुसरी कुठली घेणार? वापरलेली आहे, पण रंग असा की तुझ्या मामीने आधी हात पुसले आणि मग दाराला लावले. उभा जन्म लोकांच्या असल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेला. म्हटलं, निवृत्त झाल्यावर एक तरी आपल्या दारात उभी राहू दे. बॉनेट उघडलं की एका रांगेत सहा सिलिंडर. एकाचा हादरा दुसरा तिथल्या तिथे मिटवतो, त्यामुळे इंजिन चालू असताना वर पाण्याचा पेला ठेवलास तरी पाणी हलत नाही. तुझ्या जपान्यांना हे जमायचं नाही. तू त्यांच्या वर्कशॉपात नोकरी धरलीस तेव्हाच मी ओळखलं होतं की माझ्या शिकवणीत कुठेतरी एखादा नट ढिला राहिला.

आता पैज. येत्या काही महिन्यांत दोघांनीही आपापल्या गाडीचं जे काही बिघडेल ते प्रामाणिकपणे कळवायचं, लपवाछपवी नाही. जो हरेल त्याने दुसऱ्याची गाडी धुवायची, तीही चाकांच्या आतून. मामी म्हणते, दोघंही हरा, म्हणजे दोन्ही गाड्या स्वच्छ होतील.

प्रकृतीला जप आणि म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा मामा

१९ जानेवारी

ती. मामास,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

गाडीबद्दल अभिनंदन आणि मनापासून सहानुभूती, दोन्ही स्वीकार. पैज कबूल.

सिलिंडर माझ्याही गाडीत सहाच आहेत. फक्त तीन-तीन करून व्ही आकारात बसवलेत, आणि तुझ्यासारखा हवा कोंबणारा टर्बो नाही. तुझं इंजिन मी नावाजते, खोटं कशाला बोलू? पण ते परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करून पहिला नंबर काढणाऱ्या मुलासारखं आहे. लहान जागेत केवढी ताकद, केवढी उष्णता, आणि त्या उष्णतेशेजारी बसवलेले प्लास्टिकचे भाग! माझं इंजिन रोज थोडा-थोडा अभ्यास करतं, दुसऱ्या वर्गात पास होतं आणि कधी गैरहजर राहत नाही. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे मालक बहुतेक तेल बदलायला आणि चहा प्यायला येतात. वरिष्ठ काळजीत आहेत की अशाने मेकॅनिक हातातलं काम विसरतील.

पैजेचा पहिला अहवाल : काही झालं नाही. माझ्या गाडीबद्दल लिहिण्यासारखं काहीच नसतं, हीच तिची थोरवी.

मार्चमध्ये तुम्ही दोघं डोंगर ओलांडून माझ्याकडे या. नवीन घराला गॅलरी आहे आणि मामीसाठी कुंड्या रिकाम्या ठेवल्यात. तुझी गाडी चढावर दमली तर मी माझी घेऊन खाली येईन, लाजू नकोस.

मामीला नमस्कार. रागावलास तरी उत्तर पाठवायला विसरू नकोस.
तुझी ठिणगी

११ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

प्रामाणिक अहवाल पुढीलप्रमाणे. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळत होतं. पंपाजवळचा एक प्लास्टिकचा सांधा तडकला होता. हो, प्लास्टिकचा. हसून झालं असेल तर पुढे वाच.

इंजिन मात्र दर आठवड्याला अधिक शांत होत चाललंय. अतिशयोक्ती करत नाही. घेतलं तेव्हा सकाळी थोडं खरखरायचं, आता तेही नाही. मी निवडून आणलेल्या तेलाचा हा गुण. आणि गाडीचं अंतरंग काय वर्णावं! वळताना दिवा लावतो तर त्याची टिकटिकसुद्धा कानाला त्रास देत नाही. पट्टा न लावता निघालो तरी गाडी किरकिर करत नाही. तुमच्या जपानी गाड्या सासूसारख्या पीं-पीं करत असतात, तसं नाही. सभ्यता म्हणजे काय ते जर्मनांकडून शिकावं.

फक्त मामीचं काही कळत नाही. गाडीत बसली की गप्प. मी इंजिनाबद्दल एवढं सांगतो, तर ही खिडकीबाहेर बघत बसते. परवा विचारलं की गाडी आवडली नाही का, तर डोळ्यांत पाणी आणून काहीतरी हळूच बोलली आणि आत निघून गेली. बायकांच्या मनाला कुठलं स्कॅनर लावतात ते तुमच्या वर्कशॉपात ठाऊक असेल तर कळव.

मार्चचं नक्की. चढाची वाट तर मीच बघतोय.

असाच जिव्हाळा राहो.
तुझा मामा

१३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
मामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. तू गाड्यांतली आहेस म्हणून तुलाच विचारते. आमची गाडी सकाळी सुरू होताना डब्यात खडे घालून हलवल्यासारखी वाजते. आधी क्षणभर वाजायची, आता बराच वेळ वाजत राहते. समोरच्या शिंपीणबाई खिडकी उघडून बघतात. मी यांना सांगितलं, तर हे हसले. म्हणाले की, जन्मभर इंजिनं ऐकली मी आणि आवाज तू ओळखणार? मी गप्प बसले.

गप्प बसायला आता मी शिकलेच आहे. गाडीत बोलते तर उत्तर येत नाही. स्वयंपाकघरातून हाक मारते तर ओ देत नाहीत. दूध उतू जाताना शेजारी उभे असतात आणि वर्तमानपत्र वाचतात. आधी वाटलं, निवृत्तीमुळे मन लागत नसेल. मग वाटलं, माझाच कंटाळा आला असेल. एवढी वर्षं दिवसभर वर्कशॉपात असायचे, आता दिवसभर मी समोर. परवा यांनी गाडीबद्दल विचारलं तेव्हा धीर करून म्हटलं, गाडीशी बोलता तेवढं माझ्याशी बोला. त्यावर यांनी मान डोलावली आणि म्हणाले, हो, सीट खरंच मऊ आहे.

त्या आवाजाने काही धोका नाही ना, एवढंच कळव. मार्चमध्ये डोंगर चढायचा म्हणतात.

तुझ्या कुंड्यांसाठी रोपं तयार करतेय. पोरी, लवकर लिही.
तुझी मामी

१७ फेब्रुवारी

प्रिय मामीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग मामाचं गेल्या आठवड्यातलं पत्र काढून पुन्हा वाचलं. 

पहिली गोष्ट गाडीची. तुझे कान एकदम बरोबर आहेत. इंजिनाच्या आत एक साखळी असते. ती खालच्या आणि वरच्या भागांना एका तालात ठेवते. तिला धरून ठेवणाऱ्या पट्ट्या झिजल्या की ती सैल होऊन वाजते. एखाद्या दिवशी ती दात चुकवेल, आणि मग सहाच्या सहा सिलिंडरांची माती. तेव्हा मी येईपर्यंत गाडी बाजाराच्या पलीकडे नेऊ देऊ नकोस. गुडघा दुखतो म्हण, पाहुणे यायचेत म्हण, काहीही सांग.

दुसरी गोष्ट अवघड आहे. मामाचं हे पत्र माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय की इंजिन दिवसेंदिवस शांत होतंय, दिव्याची टिकटिक होत नाही, पट्ट्याची गाडी आठवणसुद्धा करून देत नाही. मामी, त्या गाडीत ते सगळं वाजतं, मला माहीत आहे. आणि फोनवर मी पुटपुटत नाही. त्याला तुझा कंटाळा आलेला नाही गं. त्याला तू ऐकूच येत नाहीस.

मी शनिवारी येतेय. त्याला कसं सांगायचं ते मला सुचलेलं नाही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिन ऐकायला मला त्यानेच शिकवलं. त्याला जाऊन मी काय सांगू?

काळजी करू नकोस आणि माझ्यासाठी धीर शिल्लक ठेव.
ठिणगी

२६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

तू गेल्यापासून गाडीला हात लावलेला नाही. पैज रद्द समज.

तू काही बोलली नाहीस, हे तुझे उपकार की अपमान, अजून ठरत नाही. सकाळी इंजिन थंड असताना तू चालू केलंस आणि लांब स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हाती दिलास. मी टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तुला म्हटलं की रेशमासारखं चाललंय. तू मान खाली घातलीस. मामी दारात उभी होती, तिने कानांवर हात ठेवलेले होते. मग मी तळहात झाकणावर ठेवला. आत काहीतरी धडधड करत आपटत होतं. हाताला कळत होतं आणि कानाला पत्ता नव्हता. मी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा लावून बघितला, दुसऱ्या कानानेही बघितलं. हाताला धडधड, कानाला रेशीम.

लोक लांबून गाड्या घेऊन यायचे ते माझ्या कानांसाठी. फाटकातून गाडी आत येईपर्यंत मी दोष सांगायचो. आता घरच्या गाडीचा दोष तुझ्या मामीने सांगितला, आणि मी तिला हसलो.

तू जेवायला थांबली असतीस तर बरं झालं असतं. मी खोलीचं दार लावून घेतलं म्हणून थांबली नसशील.
मामा

२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मी दाराबाहेर उभी होते. पुष्कळ काही बोलले, पण दारातून तुला ऐकू गेलं नसणार, म्हणून तेच आता लिहिते.

आम्हाला कामावर कानात घालायला बोळे देतात. घातले नाहीत तर साहेब ओरडतो. तुम्हाला कुणी दिले होते? कंप्रेसर, हातोडे, ग्राइंडर, सगळं तुझ्या कानांनी थेट घेतलं. झिजले असतील तर ती कामाची झीज आहे. आपण झिजलेल्या भागाला दोष देतो का? बदलतो, नाहीतर आधार देतो. जवळचं दिसेनासं झालं तेव्हा तू एका दिवसात चष्मा आणलास आणि महिनाभर आरशासमोर मिरवलास.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण सांगते. मामीला वाटत होतं की तुला तिचा कंटाळा आलाय. ती कित्येक दिवस गाडीच्या काचेशी बोलतेय. इंजिनाचं एक वेळ सोड, हिचं तरी काही कर.

गाडीची साखळी मी सुटी टाकून बदलायला येते, पण एकटी नाही बदलणार. हात तुझे आणि कान तात्पुरते माझे. आणि पैज रद्द करणारा तू कोण? हरायला लागल्यावर पैज मोडायची पद्धत जर्मन आहे का?

रागाने का होईना, पण लिही.
तुझीच ठिणगी

६ एप्रिल

चि. ठिणगीस,
मामाचे अ. उ. आ.

तू गेलीस आणि घर सुनं झालं. तुझ्या हाताला सफाई आलीये, हे तोंडावर सांगितलं नाही म्हणून लिहून देतो. पट्ट्या बाहेर काढल्या तेव्हा निघालेले त्यांचे तुकडे मी फडक्यात बांधून ठेवलेत. डोंगर चढताना ती साखळी तुटली असती तर मी मामीला काय तोंड दाखवलं असतं?

तुझं दाराबाहेरचं बोलणं पत्रात वाचून घेतलेली कानातली यंत्रं आता सवयीची झालीत. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की बारीक, उंच आवाज आधी जातात, म्हणून साखळीचा आवाज गेला आणि मामीचाही गेला. पहिल्या दिवशी गाडीत बसलो आणि वाटलं, ही जर्मन बाई केवढी बडबडी आहे! दिवा टिकटिकतो, पट्टा ओरडतो, दार उघडं राहिलं की गळा काढते. सभ्यतेबद्दल मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो.

पैजेचा निकाल मात्र घाईने लावू नकोस. परवा तुझी गाडी चालवत तुला वळणापर्यंत सोडायला आलो, तेव्हा मागून एक घुमणारा सूर येत होता. तू टायरचा आवाज म्हणालीस. टायरचा नाही. गाडी डावीकडे वळवली की तो वाढतो, म्हणजे मागचं उजवं बेअरिंग चाललंय. तपासून प्रामाणिकपणे कळव, असं तेव्हाच बजावलं होतं.

(काल तुझा निरोप मिळाला. बेअरिंगच निघालं ना? मामीने निरोप मला तीनदा वाचून दाखवला. तीनदा ऐकू आला.)

तेव्हा माझं मत असं. जिथे वेळेवर पोचायचंच आहे तिथे तुझं इंजिन न्यावं. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याला माझी गरज नाही, आणि माझ्या इंजिनाला आहे. निवृत्त माणसाची कुणाला तरी गरज असलेलीच बरी. दोघंही हरलो. मामी म्हणेल तसं दोन्ही गाड्या धुऊ.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो. बाहेर जायला निघालो होतो, तर आतून एक बारीक आवाज यायला लागला. सवयीने आधी दोष शोधला. नळ बघितला, पंखा बघितला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मामी भाजी चिरताना स्वतःशीच गुणगुणत होती. मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, लग्न झाल्यापासून. आणि मला बघून गप्प झाली. काय बिघाड सापडला म्हणून विचारायला लागली. मी म्हटलं, काही नाही, चालू ठेव. आणि तिथेच खुर्ची ओढून बसलो.

अजून बसलोय, इथूनच लिहितोय. तुझी वाट बघणारी दोन माणसं इथे आहेत, हे ध्यानात असू दे.
तुझा मामा