यांची कंबर, यांच्या बिड्या

४ नोव्हें.
यांच्या बायपाससाठी पिंपरीच्या दवाखान्यात तपासण्या. वजन झालं. मग सिस्टरनं बेंबीवरून टेप फिरवली. एक्केचाळीस इंच. हे तिच्यावरच उखडले, "टेप खोटी हाय तुमची. माजी छत्तीस!" मी खाली मान घालून. पंधरा वर्षं यांच्या पँटी उसवून सैल करतेय मीच, आणि छत्तीसच सांगतेय. मन कशाला मोडा!
सर्जन म्हणाले, कंबर, साखर, बीपी, सगळं वर. "काका, बिडी?"
"कवाच सोडली."
मी रिपोर्ट पिशवीत भरायला लागले. झाकली मूठ.

६ नोव्हें.
ऑपरेशन सोमवारी. यांचे सदरे इस्त्रीला काढले. पोटावर ठिणगीची बारीक भोकं. जुनी मीच रफू केलेली. दोन नवी. म्हणजे याच आठवड्यातली.
बिडीवाल्याची फुफ्फुसं भुलीनंतर लवकर सावरत नाहीत, असं सर्जन बोललेले.

७ नोव्हें.
सर्जनला सांगून आले. घरून, कुरुळीहून एकटीच बसनं, सदरा पिशवीत. सर्जननं भोकं नीट पाहिली, हसले नाहीत. ऑपरेशन तीन आठवडे पुढं. तोवर बिडी बंद, फुफ्फुसांसाठी फुंकायचं यंत्र रोज. "मावशी, बरं केलंत. पण मधे छातीत कळ आली तर घरी थांबू नका."
म्हणजे थांबण्यातही धोका. हे आधी कुठं ठाऊक होतं मला!

८ नोव्हें.
यांना सांगितलं. "घरातच फितुरी! सदरा दावलास व्हय त्याला?" बिड्यांचा कट्टा माझ्यापुढं आपटला. लेक फोनवर म्हणते, "आई, बरोबर केलंस." केलं खरं. पण मधेच काही झालं तर...

१३ नोव्हें.
बिडी नाही. खोकला सुटलाय. माझ्याशी अबोला. यंत्रातल्या तीन चेंडूंपैकी दोन वर गेले आज. मी बघत होते. "बगतीस काय? चूल फुकून फुकून तुजे चार जातील!"
पाच दिवसांनी पहिला शब्द.

१७ नोव्हें.
दवाखान्यातल्या बाकावर.
सकाळी अंघोळीहून आले ते छाती धरूनच. "पित्त हाय, गप." पण अंगाला दरदरून घाम. शेजारच्या रशीदभाईंनी रिक्षा थेट दारात घातली. वाटेत माझं मनगट सोडलं नाही यांनी.
सर्जन म्हणाले, आता थांबता येणार नाही, आजच. आत नेताना विचारलं, "काका, शेवटची बिडी कधी?"
यांनी माझ्याकडं बोट केलं. "तिला इचारा."
म्हटलं, नऊ दिवस झाले. दार लागलं.
नऊ पुरतात का, ते विचारायचं राहिलं.