तळ्यातले दोन खांब

बाबा, तुमचा पूल झाला. मी केला. हे लिहिताना आनंद होत नाही, राग येतो. म्हणून राग आधी लिहिते, बाकीचं मग.

त्या उन्हाळ्यात लातुरात पाणी नव्हतं. नळ बंद, आपला बोअर आटलेला, गल्लीत टँकर येईल तेव्हा येईल. नांदेडला रेल्वेत पुलांच्या दुरुस्तीवर जन्म काढून तुम्ही रिटायर झालात आणि घरामागच्या जागेत छोटी रेल्वे मांडायला घेतलीत. वीतभर उंचीचं इंजिन, तीन डबे, पेरूच्या झाडाभोवती रूळ. आदल्या हिवाळ्यात माशांसाठी खोदलेल्या तळ्यात आता ढोपरभर गढूळ पाणी उरलं होतं आणि त्यात तग धरून राहिलेले लाल मासे. त्या तळ्यावरून तुम्हाला गाडी न्यायची होती. पुलाचे दोन खांब तुम्ही सिमेंटमध्ये ओतले, त्यांना गोणपाट गुंडाळलं आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारत राहिलात. तळ्यातलं पाणी माशांना राखून, टँकरचं पाणी. आई उन्हात रांगेत उभी राहून आणायची, ते.

एक दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आई मागल्या दाराशी उकिडवी बसून राखेनं भांडी घासतेय. विसळत नाही, नुसती फडक्यानं पुसतेय. तुम्ही तिच्या समोरची कळशी उचलता.

"अहो, ती प्यायची हाय. धुण्याचं पाणी ठिवलंय बादलीत, ते मारा की."

"साबणाचं पाणी सिमेंटला चालत नसतं."

"खांबाला चालत न्हाई, आन् आमी काय बी चालवून घ्यायचं व्हय?"

मी म्हणते, "बाबा, आईचं पाणी आहे ते." तुम्ही वळूनही बघत नाही. "तुला पुलातलं काय कळतंय? आज पाणी तोडलं की उद्या भेग." तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीवरून आईला म्हणतात, "वैनी, तुमच्या मालकाला म्हणावं आमच्या सुनंला बी गोणपाटात गुंडाळा. दोन टायमाला पाणी तरी भेटंल तिला." गल्लीतल्या बायका हसल्या. आई हसली नाही. डोक्यावरून न्हायला ती एसटीनं लोह्याला मावशीकडे जायची. एकदा अशीच परत आली, दारात चप्पल काढत होती, आणि तुम्ही विचारलंत, "जाताना गोणपाट ओलं केलतं ना?" एवढंच विचारलंत.

पाऊस लागायच्या आधी तुम्ही झोपेतच गेलात. कुणाकडे घोटभर पाणीही मागितलं नाहीत. मग पाऊस आला, तळं भरलं, आणि तुमचे दोन्ही खांब बुडाले. भरलेलं तळं तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं. गाडी पाण्याला लागून जावी म्हणून तळ्याच्या आतल्या पायरीवरून तुम्ही रूळ नेलेत आणि तिच्या उंचीला खांब बेतलेत, कारण त्या वर्षी पायरी कोरडी होती. मी लहान असताना नांदेडला गोदावरीच्या पुलाखाली नेऊन खांबावरची पुराची रेघ मला दाखवणारे तुम्हीच ना? पूल आजचं पाणी बघून बांधत नाहीत, असं बजावणारे? बायकोच्या तोंडचं पाणी काढून जे बांधलंत, ते धड बांधायचं तरी होतं.

पुढं कितीतरी वर्षं मी मागचं दार उघडलं नाही. यंदा आईला म्हटलं, दोन ट्रॅक्टर मुरूम टाकू आणि तळं बुजवून टाकू. तिला काचबिंदू झालाय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती दिवस टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. ती म्हणाली, "बुजवू नको. पूल पुरा कर. दिसतंय तंवर बघू दे मला, कशापायी राखेनं भांडी घासली म्या."

मग मी केला. ऑफिसातून आल्यावर, रविवारी, जमेल तसा. भरल्या तळ्याची रेघ धरून रूळ वरच्या काठावर घेतले. तुमच्या खांबांशेजारी, कोरड्या काठावर दोन नवे खांब उभे केले, गेट-ग्रिल करणाऱ्याकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडून आणला. नव्या खांबांना पाणी मी मारणार होते, आईनं मारू दिलं नाही. काठावर बसून ती मगानं तळ्यातलंच पाणी घ्यायची, खांबावर सोडायची आणि गोणपाट हातानं चाचपायची. एकदा म्हणाली, "ह्यात काय एवढं होतं गं, की माणसाला माणूस दिसू नये?" तुम्हाला ह्याचं उत्तर आलं असतं का?

परवा सकाळी उन्हात गाडी सोडली. आई पार वाकून, मान तिरकी करून बघत होती. इंजिन पुलावर आलं, डबे आले, पलीकडे गेले. पूल हललाही नाही.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. वाकून पुलावरचा रूळ हातानं चाचपला. मग म्हणाली, "सोड परत एकदा."

ते "एवढंच व्हय" तुम्ही ऐकायला हवं होतं. त्यासाठी तरी तुम्ही असायला हवे होतात. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

संध्याकाळी तिनं विचारलं, "त्यांचे खांब फोडले न्हाईस?" पाण्याखाली ते तिला दिसत नाहीत, पण मगानं पाणी घेताना हाताला लागतात. मी म्हटलं, फुटत नाहीत, छिन्नी उडते. तिनं मान हलवली. "न्हाईच फुटायचे. माझं पाणी मुरलंय त्यात."

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून इथं लिहिते. मी छिन्नी लावलीच नव्हती.