कापलं कोणी?

९ एप्रिल
आवाज गेला! गळ्यातली गाठ काढायला गेले होते, गाठीबरोबर आवाजही नेला मेल्यांनी. बोलायला जावं तर सायकलच्या चाकातून हवा जावी तसं फुस्स होतं. इथं कोरियात, तेगू शहराच्या बाजारात चाळीस वर्षं सुकी मासळी विकली ती ओरडून. आता वहीत ओरडते. अक्षरं सत्तरीत शिकले, वाकडी येतात. येऊ देत.

१० एप्रिल
ऑपरेशनवाले डॉक्टर, प्रोफेसर मिन आले. "आजी, आवाजाच्या नसेला थोडी इजा झालीये. कदाचित परत येईल, कदाचित नाही येणार." थोडी! मी फुसफुसले – कापलं कोणी? तर म्हणे यंत्रानं. स्वतःच बघतं, स्वतःच कापतं. मग तुम्ही काय करत होता? "देखरेख."

ते यंत्र मला बघायचंच आहे. गळ्यापर्यंत पोचायला काखेतून शिरलं म्हणे! चोरसुद्धा खिडकी तरी शोधतो.

१२ एप्रिल
गारमनं यंत्र दाखवलं. गारम माझी नात, याच दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर. तिच्याच ओळखीनं माझा नंबर लवकर लागला. यंत्राला चार हात, खेकड्यासारखे. डोकं नाही. मी वाकून खालून, मागून बघितलं.
"आजी, काय शोधतेस?"
कान. धरायचा तर कुठला?
गारम हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसते.

१५ एप्रिल
यंत्राच्या कंपनीचा माणूस नाशपातीची पेटी घेऊन आला. दोन्ही हातांनी दिली. "आई, यंत्र शिकवल्याप्रमाणेच वागलं." मी कुणाची आई? आणि शिकवलं कोणी? "हजारो डॉक्टरांच्या ऑपरेशनांची चित्रं दाखवून." म्हणजे हजारोंनी कापलं – म्हणजे कुणीच नाही! मिन कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी मिनकडे. दोघंही माझ्यापुढे कमरेत छान वाकले. चूक मात्र एकानंही उचलली नाही.

नाशपाती गोड निघाली. खाल्ली. तिचा काय दोष.

१६ एप्रिल
तक्रारीचा कागद आणला. त्यात रकाना – चूक कोणाची. माणसाचं नाव लागतं, यंत्राचं चालत नाही. नाव नाही तर चौकशी नाही. महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. कोरा ठेवलाय.

१९ एप्रिल
शेजारच्या गाळ्यावरची ओकसुन आली. "ताई, बाजार कसा सुना झालाय! गिऱ्हाइकं विचारतात, मासळीवाली मेली का?" म्हटलं, सांग त्यांना – मेली नाही, तपास करतेय.

२२ एप्रिल
ऑपरेशनची सगळी नोंद यंत्रातच असते म्हणे. मागितली. चार हेलपाट्यांनंतर दिली. बारीक अक्षर, म्हणून गारमला वाचायला बसवलं.

यंत्र विचारतं की! नसेपाशी आपण होऊन थांबलं होतं. पडद्यावर लिहिलं – "ही नस असू शकते. पुढे जाऊ?" वीस सेकंद थांबलं. कुणी 'नाही'चं बटण दाबलं नाही, म्हणून गेलं पुढे. गप्प म्हणजे हो – असं शिकवलंय त्याला. कुठल्या गाढवानं? आपल्याकडे मोठ्यांपुढे माणूस गप्प बसतो, ते काय हो म्हणून? सासूपुढे मी अकरा वर्षं गप्प होते. त्यात एकही 'हो' नव्हतं!

मिन कुठे होते? शेजारच्या खोलीत, दुसऱ्या यंत्रापाशी. एक डॉक्टर, दोन खोल्या.
मग माझ्या पडद्यासमोर कोण होतं?
गारमनं कागदाची घडी घातली. "आजी, चहा आणू?"

२३ एप्रिल
गारम आली ती गुडघे टेकून जमिनीवरच बसली. "मी होते, आजी. नस मला दिसत होती. पण सरांना विचारल्याशिवाय त्यांच्या बटणाला हात कसा लावायचा? त्यांना हाक मारायची तर ते चिडतील... असा विचार करेस्तोवर वीस सेकंद संपले."

मी काहीच बोलले नाही. तिनं त्याचा काय अर्थ लावला, कोण जाणे.

२४ एप्रिल
सकाळी बघते तर रकाना भरलेला. अक्षर गारमचं, नावही गारमचंच. त्याखाली मिनचं आणि कंपनीवाल्याचं मी लिहिलं.
वरचं खोडलं नाही.