उपासाच्या आधीचं उत्तर

छावणी, औरंगाबाद
१९५६

तीर्थरूप शमुवेलदादांस, मार्थाचा प्रभूमध्ये सलाम.

तीन दिवस उपास करून तुम्ही मला सांगितलं, "देव बोलला. नर्सिंग सोड, अन् जालन्याच्या विधुर मास्तरांशी लग्न कर." मी मान खाली घालून व्हय म्हटलं. परवा वचन शोधताना तुमच्या बायबलात मास्तरांचं पत्र सापडलं. "तुमची बहीण पसंत आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. तारीख उपासाच्या आठ दिवस आधीची. म्हणजे देवाला विचारण्याआधीच तुम्ही त्यांना विचारलं होतं?

मग मीही प्रार्थना केली. कसलाच आवाज आला नाय. वॉर्डातल्या जुन्या नर्स सरूबाई म्हणाल्या, "आवाजाची वाट बघू नको. शास्त्राविरुद्ध नसंल अन् मनाला शांती असंल, तर पाऊल टाक." नुकतं जन्मलेलं बाळ हातात घेतलं की मला ती शांती लाभते. पण दादा, मला तिचाही संशय येतो. तुमची इच्छा देवाच्या आवाजात बोलली, तशी माझीही बोलत असंल.

मग तुम्हाला दोष कुठल्या तोंडानं देऊ? म्हणून हे पत्र मी तुम्हाला पाठवणार नाय. मास्तरांना मात्र आजच नकार कळवला. त्यात देवाचं नाव घेतलं नाय. "माझी इच्छा नाही," एवढंच लिहिलं.

तुमची धाकटी,
मार्था